कॅन्सरची पेशी रक्तातून कुठं जाऊन अडकते? ठिबकच्या सामानातून चालतं मॉडेल

विज्ञान प्रदर्शनात कॅन्सरचा विषय घेतला की थर्माकोलचं हृदय, लाल-निळ्या नळ्या आणि ‘कॅन्सर रक्तातून पसरतो’ असा एक तक्ता, एवढंच बहुतेक वेळा टेबलावर दिसतं. ते वाक्य खरं आहे, पण अर्धंच. रक्त कॅन्सरच्या पेशीला वाहून नेतं आणि वाटेत तिला मारतंही. ती कुठं अडकणार हेही बऱ्याच अंशी रक्ताचा प्रवाहच ठरवतो. अडकल्यावर ती तिथं रुजेल का, हा हिशेब वेगळा. पोहोचणं आणि रुजणं या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, एवढं पाहणाऱ्याच्या मनात बसलं तरी मॉडेलचं काम झालं.

हे बसवायची गरज आपल्याकडे जास्त आहे. तालुक्याच्या प्रदर्शनात टेबलाभोवती नुसते परीक्षक नसतात. घरात पेशंट असलेली माणसं थांबतात आणि ‘लोखंड लागलं (सुई-चाकू लागला) की कॅन्सर पसरतो’ या भीतीपोटी गाठीची तपासणी महिनोन्महिने पुढं ढकलणारीही थांबतात. त्यांना तक्त्यावरच्या ओळीपेक्षा डोळ्यांसमोर जाळीत अडकलेलं बी, म्हणजे मॉडेलमधली कॅन्सरची पेशी, जास्त सांगून जातं.

नववी-दहावीच्या तीन-चार मुलांनी दोन सुट्ट्या घालवल्या तर हे मॉडेल उभं राहतं. सामान ठिबकच्या दुकानात, मोंढ्यातल्या किराणा दुकानात आणि घरच्या अडगळीत मिळतं.

आधी माप ठरवा

शरीरातली सगळ्यात बारीक रक्तवाहिनी म्हणजे केशवाहिनी. तिची रुंदी ५ ते १० मायक्रॉन (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे डोक्याच्या केसाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. तांबडी पेशी ७ ते ८ मायक्रॉनची असते. ती दुमडून, वाकून निघून जाते. घट्ट गाठ करणाऱ्या कॅन्सरची पेशी मात्र साधारण १५ ते २० मायक्रॉनची असते. वाट अरुंद आणि वाटसरू जाड, इथूनच सगळी गोष्ट सुरू होते.

हे सगळं दोनशे पट मोठं करा. केशवाहिनी दीड मिलिमीटरच्या आसपास येते, कॅन्सरची पेशी ३ ते ४ मिलिमीटरची. दीड मिलिमीटरचं छिद्र मच्छरदाणीच्या जाळीत मिळतं आणि ३-४ मिलिमीटरची मऊ पेशी म्हणजे भिजवलेला सब्जा. सब्जा घ्यायचं कारण नुसतं माप नाही. भिजल्यावर त्याच्याभोवती पारदर्शक, लिबलिबीत थर येतो आणि मधे काळं, टणक बी राहतं. खऱ्या पेशीचंही तसंच आहे. बाहेरचा भाग दबतो, ओढला जातो, पण मधलं केंद्रक सगळ्यात ताठ असतं. अरुंद जागेत पेशी अडकते ती बहुतेक वेळा त्या केंद्रकापायी. साबुदाणा किंवा मणी घेतले तर हे दाखवता येत नाही.

तांबड्या पेशींसाठी न भाजलेला राजगिरा घ्या. तो मापाला थोडा लहान पडतो. पण खरी तांबडी पेशी अंग चोरून जाते आणि राजगिऱ्याला ते जमत नाही, म्हणून लहानच बरा.

सामान

गवंड्याची पारदर्शक लेव्हल पाइप, आतून अर्धा इंच, ६ मीटर. ठिबकची काळी लॅटरल वापरू नका, तिच्यातून काहीच दिसत नाही. ठिबकच्या १६ मिमी मापाचे ७ टी, ८ कॉक, ३ एंड प्लग, बादलीला लावायला १ ग्रोमेट आणि टेक-ऑफ. पाण्याच्या अर्धा लिटरच्या १० सारख्या बाटल्या. मोटरसायकलच्या जुन्या ट्यूबच्या ५ सेंटीमीटर रुंदीच्या ५ कड्या. एम-सील. मच्छरदाणीचा हातभर तुकडा. जुन्या टॉवेलची एक पट्टी. चहाच्या ३ गाळण्या. २० लिटरची एक बादली, एक टब, कूलरची छोटी मोटर. मोजायला लिटरचं माप आणि मोबाइलचं स्टॉपवॉच. सब्जा २५ ग्रॅम, राजगिरा ५० ग्रॅम, चिमूटभर कापूस. रुजण्याच्या प्रयोगासाठी मेथी आणि तीन पसरट डबे.

टी आणि कॉक घ्यायला जाताना लेव्हल पाइपचा तुकडा सोबत न्या आणि दुकानातच बसवून बघा. पाइप थोडी घट्ट वाटली तर तिचं टोक उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट धरा, मऊ होऊन चढते आणि गार झाल्यावर आवळून बसते. सैल बसली तर माप बदलून घ्या, टेपने भागवू नका. तीन दिवसांच्या प्रदर्शनात ती टेप दुसऱ्या दिवशी सुटते.

जाळीची छिद्रंही मोजा. पट्टी लावल्यावर एका सेंटीमीटरमध्ये ६ ते ७ छिद्रं आली पाहिजेत. अलीकडच्या काही मच्छरदाण्या फार बारीक विणीच्या असतात, त्यात राजगिराही अडकतो आणि मग फरक दाखवायला काही उरत नाही.

अवयवाची कुपी

एका अवयवाला एक कुपी, अशा पाच कुप्या लागतात: यकृत, फुफ्फुस, मेंदू, हाड आणि मूत्रपिंड.

बाटली तोंडाकडून १० सेंटीमीटरवर कापा. असे दोन वरचे भाग एकमेकांच्या समोर ठेवले की दोन नरसाळी पोटाला पोट लावून ठेवल्यासारखा आकार होतो. एका भागाची कापलेली कड उकळत्या पाण्यात एक सेंटीमीटर बुडवून लगेच काढा. प्लास्टिक आकसतं आणि ती कड दुसऱ्या भागात सरकते. आकसलेल्या कडेवर जाळी ताणून बसवा, वरून दुसरा भाग सरकवा आणि सांध्यावर ट्यूबची कडी चढवा. हा सांधा एम-सीलने बंद करायचा नाही, कारण प्रत्येक फेरीनंतर कुपी उघडून बी मोजायचं आहे. बादलीच्या उंचीचा दाब कमी असतो, रबराची कडी तो सहज धरते.

झाकणांना तापलेल्या खिळ्याने छिद्र पाडून ते कातरीने पाइपच्या मापापर्यंत वाढवा, पाइप दाबून घाला आणि दोन्ही बाजूंनी एम-सील लावा. रात्रभर सुकू द्या. घाई केली तर गळती हमखास इथूनच सुरू होते.

पाचही कुप्या सारख्या करू नका. यकृत, मेंदू आणि मूत्रपिंडाला साधी जाळी. फुफ्फुसाच्या जाळीला कडेजवळ ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा. फुफ्फुसात केशवाहिन्यांना वळसा घालून जाणाऱ्या थोड्या रुंद जोडवाटा असतात, आणि काही पेशी अंग चोरून केशवाहिनीतूनही पार होतात. हे भोक नसलं तर मॉडेल सांगतं की फुफ्फुसापलीकडं काहीच जात नाही, आणि ते खोटं आहे. हाडाच्या कुपीत जाळी लावूच नका, आतल्या भिंतीला टॉवेलची पट्टी गोल चिकटवा. हाडाच्या मगजातल्या रक्तवाहिन्या केशवाहिनीपेक्षा बऱ्याच रुंद असतात आणि त्यात रक्त संथ चालतं. तिथं पेशी फटीत अडकण्यापेक्षा भिंतीला चिकटून थांबते. सब्जाचा चिकट थर टॉवेलच्या फासांना तसाच धरतो.

कुपी फुगीर ठेवण्यामागेही कारण आहे. अर्ध्या इंचाच्या पाइपपेक्षा साडेसहा सेंटीमीटरच्या बाटलीचा छेद २७ पट मोठा आहे, म्हणजे पाण्याचा वेग २७ पटीने उतरतो. शरीरातही मोठी रक्तवाहिनी फुटत-फुटत लाखो केशवाहिन्या होतात. एकेक वाहिनी बारीक असली तरी सगळ्यांचा मिळून छेद प्रचंड होतो आणि रक्त जवळपास रांगायला लागतं. नदीचं पाणी कालव्यातून, पाटातून आणि शेवटी सरीत उतरताना जसं मंदावतं, तसंच हे.

जोडणी

बादली कुप्यांच्या वर ६० सेंटीमीटर उंचीवर ठेवा. पंधरा लिटर पाणी म्हणजे पंधरा किलो वजन, तेव्हा स्टूल डुगडुगतं नको. बादलीच्या तळाजवळ ग्रोमेट बसवून पाइप काढा आणि टीने तिच्या दोन वाटा करा.

पहिली वाट: कॉक, मग प्रवेश ‘अ’, मग यकृताची कुपी. दुसरी वाट: कॉक, मग प्रवेश ‘ब’, कुपी नाही. दोन्ही वाटा टीने एकत्र करून फुफ्फुसाच्या कुपीत सोडा. फुफ्फुसातून बाहेर पडल्यावर प्रवेश ‘क’, आणि तिथून दोन टी वापरून तीन फांद्या. प्रत्येक फांदीवर कॉक, पुढे मेंदू, हाड, मूत्रपिंड. तिन्हींचं पाणी आपापल्या गाळणीतून टबात पडेल.

टबात कूलरची मोटर सुती कापडात गुंडाळून ठेवा आणि पाणी परत बादलीत चढवा. बादलीला काठाखाली तीन सेंटीमीटरवर एक छिद्र ठेवा. जास्तीचं पाणी तिथून टबात परत जाईल, म्हणजे पातळी आणि दाब कायम राहतो. ही मोटर म्हणजे हृदय, पण बी तिच्यातून जाऊ द्यायचं नाही. पंख्यात सब्जाचा लगदा होतो. वायरचा बोर्ड टबाच्या वर आणि लांब बांधा, ओल्या हाताने प्लग काढू-घालू नका. वीज गेली तरी बादलीतल्या पाण्यावर मॉडेल दहाएक मिनिटं चालतं, तेवढ्यात एक फेरी पूर्ण होते.

प्रवेश म्हणजे टीची उभी बाजू. तिच्यावर कॉक, कॉकवर १० सेंटीमीटर पाइप आणि टोकाला एंड प्लग. पाइपात पाणी आणि बी भरा, प्लग लावा, कॉक उघडा आणि पाइप बोटांनी हळूच दाबा. बी प्रवाहात उतरतं. साधी सिरिंज वापरायचा मोह टाळा, तिच्या बारीक तोंडातून जाताना सब्जाचा थर सोलून निघतो आणि प्रयोग सुरू व्हायच्या आधीच पेशी मेलेली असते.

कुप्या उभ्याच ठेवा आणि पाणी वरून आत येऊन खालून बाहेर जाईल असंच जोडा. उलट जोडलं तर बी जाळीपर्यंत चढतच नाही, तळाशी बसून राहतं. पहिल्यांदा पाणी भरताना प्रत्येक कुपी उलटी धरून हवा काढून टाका. वर हवेचा बुडबुडा राहिला तर बी त्याच्या कडेला चिकटतं आणि बघणाऱ्याला वाटतं की तेच अवयवात अडकलं.

आता वेग लावा. सगळ्यात खाली लिटरचं माप धरून एकूण प्रवाह मिनिटाला १ लिटर करा. त्यातला चौथा हिस्सा यकृताच्या वाटेने जाईल असा तिचा कॉक ठेवा, शरीरातही साधारण तेवढाच वाटा यकृतातून जातो. पुढच्या तीन फांद्यांत मूत्रपिंडाला सगळ्यात जास्त पाणी द्या, मेंदूला त्याच्या पाऊणपट, हाडाला सगळ्यात कमी. मूत्रपिंडांना हृदयाच्या रक्तातला जवळपास पाचवा हिस्सा मिळतो. हा आकडा लक्षात ठेवा, शेवटी तोच कामाला येतो.

बी भिजवताना

आधी कोरडं बी मोजा: शंभर. भिजल्यावर मोजायला गेलात तर बोटाला चिकटून अर्धा तास जातो. अर्धी वाटी पाण्यात २० मिनिटं ठेवा. पाणी बोअरचं घेऊ नका. आपल्याकडच्या बोअरच्या पाण्यात क्षार भरपूर, आणि क्षारांमुळे सब्जाचा थर नीट फुगत नाही, बी लहानच राहतं. जारचं किंवा पावसाचं साठवलेलं पाणी घ्या. भिंगाखाली एक बी बघा. काळ्या दाण्याभोवती धुक्यासारखं गोल वलय आणि त्यात दाण्यापासून बाहेर निघालेले बारीक धागे दिसले म्हणजे बी तयार झालं.

पाण्यात लाल रंग घालू नका. दिसायला छान वाटतं, पण काळं बी दिसेनासं होतं. लाल-निळी चिकटपट्टी पाइपला गुंडाळली तरी पुरे.

फेऱ्या

प्रत्येक फेरीत शंभर बी आणि चमचाभर राजगिरा. पाच मिनिटं पाणी चालू द्या, मग कॉक बंद करून कुप्या उघडा, मोजा, वहीत लिहा. एकच फेरी तीनदा करा. तीन वेळा तीन वेगळे आकडे येतील, ते तसेच तक्त्यावर लावा. परीक्षकांना घोटून गुळगुळीत केलेला आकडा लगेच ओळखू येतो.

‘अ’ म्हणजे आतडं. आतड्याचं रक्त सरळ हृदयाकडे जात नाही, आधी यकृतात जातं. म्हणून मोठ्या आतड्याचा कॅन्सर पसरला तर पहिला मुक्काम बहुतेक वेळा यकृतात. ‘ब’मधून सोडा, यकृत रिकामं राहतं आणि फुफ्फुसाची जाळी भरते. स्तनाकडून किंवा हातापायाकडून आलेल्या रक्ताला लागणारी पहिली गाळणी फुफ्फुसाची. ‘क’ म्हणजे फुफ्फुसातच सुरू झालेला कॅन्सर. त्याच्या पेशींना पहिली गाळणी ओलांडावीच लागत नाही, त्या हृदयाच्या डाव्या बाजूने थेट मेंदू, हाडं अशा अवयवांकडे निघतात. या तीन फेऱ्या पाहिल्या की ‘पोटाचा कॅन्सर लिव्हरमध्ये कसा गेला?’ याचं उत्तर वेगळं द्यावं लागत नाही.

मग वेग बदला. कॉक उघडून मिनिटाला ३ लिटर करा. पाइपमध्ये वेग सेकंदाला साधारण १४ सेंटीमीटरचा ४१ होतो, कुपीत अर्ध्या सेंटीमीटरचा दीड. हाडाच्या कुपीकडे बघा. टॉवेलवर चिकटू पाहणारं बी वेगात सुटून जातं, मंद पाण्यात टिकतं. २०१८ मध्ये फ्रान्समधल्या स्ट्रासबर्गच्या संशोधकांनी झेब्रामाशाच्या पारदर्शक पिल्लांत हेच पाहिलं. रक्त सेकंदाला ४०० ते ६०० मायक्रॉन अशा बेताच्या वेगाने चालतं तिथं कॅन्सरच्या पेशी जास्त थांबत होत्या. आणखी एक गोष्ट त्यांना दिसली: पेशी थांबल्यानंतर वाहतं रक्तच वाहिनीच्या अस्तराला तिच्याभोवती सरकायला लावतं आणि तिला बाहेर पडायला मदत करतं. म्हणजे वेग फार असला तर पेशी थांबत नाही, पण वाहणं अजिबातच नसलं तर तिला बाहेरही पडता येत नाही. मॉडेलमध्ये यातला पहिला अर्धा भागच दिसतो, दुसरा तोंडाने सांगा.

पुढची फेरी घोळक्याची. अगदी थोड्या पाण्यात बी भिजवलं तर पाच-सहा दाण्यांचे गोळे होतात. ते तसेच सोडा. रक्तातही काही पेशी एकेकट्या न येता घोळक्याने येतात. घोळके संख्येने फार कमी असतात, पण उंदरांवरच्या प्रयोगांत एकेकट्या पेशींपेक्षा त्यांनी गाठी करण्याचं प्रमाण कितीतरी पट जास्त निघालं. ते जाड आहेत म्हणून केशवाहिनीत अडकतीलच असंही नाही, २०१६ मधल्या एका प्रयोगात असे घोळके एकामागे एक रांग धरून केशवाहिनीइतक्या अरुंद नळीतून पार झाले. मॉडेलमध्ये मात्र ते अडकतात, कारण सब्जाचे दाणे एकमेकांवरून सरकून रांग लावत नाहीत. ही मॉडेलची मर्यादा आहे हे स्पष्ट सांगा.

घोळक्याला कापसाचे दोन-तीन तंतू गुंडाळून पुन्हा सोडा. हे तंतू म्हणजे प्लेटलेट आणि त्यांचं जाळं. जखमेतून रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट कॅन्सरच्या पेशीभोवती गोळा होतात, प्रवाहाच्या ताणापासून तिला वाचवतात आणि मारायला आलेल्या पांढऱ्या पेशींपासून लपवतात. कापसात गुंडाळलेला गोळा जाळीवर तर बसतोच, शिवाय पाणीही अडवतो. लिटरच्या मापात प्रवाह किती घटला ते मोजा.

वाटेत मरण

आतापर्यंतच्या फेऱ्या बघून माणूस घाबरतो: बी सोडलं की कुठंतरी अडकतंच. म्हणून ही फेरी कधीही वगळू नका.

शंभर भिजलेलं बी पातेल्यात घेऊन रवीने दोन मिनिटं घुसळा आणि भिंगाखाली बघा. काहींचं वलय फाटलेलं, काहींचं पार निघून गेलेलं. हा ओरबाडणारा ताण रक्तप्रवाहातही असतो. पण तो एकटा सगळ्या पेशींना मारत नाही, बऱ्याच पेशी तो सोसतात. आपल्या जागेवरून सुटलेली पेशी आधार गेल्यामुळे आपसूक मरायला लागते. केशवाहिनीत चेपून काही फुटतात. नैसर्गिक मारक पेशी नावाच्या पांढऱ्या पेशी काहींना संपवतात. रक्तात कॅन्सरच्या पेशींचा टिकाव काही मिनिटं ते काही तास एवढाच असतो.

१९७० मध्ये कॅन्सर-संशोधक आयझाया फिडलर यांनी उंदरांच्या शिरेत किरणोत्सारी आयोडिनने खूण केलेल्या कॅन्सरच्या पेशी सोडून त्यांचा माग घेतला. बहुतेक सगळ्या पेशी पहिल्या दिवसातच संपल्या आणि गाठी करण्यापर्यंत हजारात एखादीच टिकली. टेबलावर एक हजार कोरडे दाणे पांढऱ्या कागदावर पसरा आणि त्यातला एकच लाल रंगवून ठेवा. येणाऱ्याला तो शोधायला सांगा. रक्ताच्या एका थेंबातून कॅन्सर ओळखणं का अवघड आहे तेही याच कागदावर सांगता येतं. एक मिलिलिटर रक्तात तांबड्या पेशीच चार-पाच अब्ज असतात, आणि पसरलेल्या स्तनाच्या कॅन्सरमध्ये साडेसात मिलिलिटर रक्तात कॅन्सरच्या पाच पेशी सापडल्या तरी डॉक्टर ती संख्या जास्त धरतात.

रुजण्याचे डबे

हे प्रदर्शनाच्या पाच-सहा दिवस आधी लावा. तीन पसरट डबे: एकात काळी माती, दुसऱ्यात कोरडा मुरूम, तिसऱ्यात माती आणि दोन चमचे मीठ. तिन्हींत मेथीचे ५० दाणे. पहिल्या आणि तिसऱ्याला रोज सारखं पाणी, मुरमाला काहीच नाही. डब्यांवर ‘हाड’, ‘झोपलेली पेशी’ आणि ‘मूत्रपिंड’ अशा चिठ्ठ्या लावा.

मूत्रपिंडाला सगळ्यात जास्त पाणी दिलं होतं ते इथं आठवून द्या. रक्ताचाच हिशेब असता तर इतर अवयवांतला कॅन्सर पसरून सगळ्यात जास्त गाठी मूत्रपिंडात आणि स्नायूंत व्हायला हव्या होत्या. तसं होत नाही. हाडाला त्या मानाने रक्त कमी, पण स्तन आणि प्रोस्टेटच्या (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीच्या) कॅन्सरला ते फार मानवतं. लंडनचे सर्जन स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्ये स्तनाच्या कॅन्सरने मृत्यू झालेल्या ७३५ स्त्रियांच्या नोंदी तपासून हेच मांडलं: बी सगळीकडे जातं, रुजतं ते मानवणाऱ्या मातीतच. शेतकऱ्याच्या पोराला हे समजावून सांगावं लागत नाही. पुढे विसाव्या शतकात अमेरिकन पॅथॉलॉजिस्ट जेम्स युईंग यांनी उलट बाजू धरली, की रक्ताची वाट जिथं नेते तिथंच गाठ होते. आज दोन्ही खरं धरलं जातं. पहिला मुक्काम बराचसा वाटेवर ठरतो, तिथं घर करणं मातीवर.

मुरमाचा डबा प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी कोरडाच दाखवा आणि संध्याकाळी पाणी घाला. शेवटच्या दिवशी मोड दिसू लागतात. कॅन्सरची पेशीही अवयवात वर्षानुवर्षं न वाढता पडून राहू शकते. स्तनाचा कॅन्सर दहा वर्षांनी परत येतो तो असा, आणि बरं वाटत असतानाही डॉक्टर गोळ्या चालू ठेवायला सांगतात तेही यासाठीच.

मॉडेल कुठं चुकतं

तक्त्यावर हे मोठ्या अक्षरात लिहा, गुण कमी होत नाहीत. रक्त पाण्यापेक्षा तीन-चार पट घट्ट असतं, आणि केशवाहिनीत त्याचं वाहणं आपल्या पाइपमधल्या पाण्यापेक्षा कितीतरी शांत असतं. प्रोस्टेटकडून मणक्याकडे झडपा नसलेल्या शिरांची एक आडवाट जाते. अमेरिकेतले शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅट्सन यांनी १९४० मध्ये ती दाखवली, आपल्या जोडणीत ती नाही. आणि रसवाहिन्यांची (लिंफ वाहून नेणाऱ्या नळ्यांची) वाट तर पूर्ण सुटली आहे. गुटखा-तंबाखूमुळे होणारा तोंडाचा कॅन्सर बहुतेक वेळा आधी रसवाहिन्यांतून मानेच्या गाठींत जातो. आपल्या भागात तोंडाचे पेशंट खूप, म्हणून मानेवरची न दुखणारी, न जाणारी गाठ दाखवणारं एक चित्र शेजारी लावा.

लोक काय विचारतील

‘सुई टोचली की पसरतो ना?’ हा प्रश्न पहिल्या तासात येतो. उत्तर मॉडेलवरच द्या: गाठीतून पेशी रोज आपोआप सुटत असतात आणि जवळजवळ सगळ्या मरतात. तपासणीच्या सुईच्या वाटेवर पेशी रुजल्याची उदाहरणं क्वचित आहेत आणि डॉक्टर सुईची वाट ती शक्यता धरूनच निवडतात. तपासणी टाळल्याने जे महिने जातात त्यात गाठ वाढते, आणि मग पेशी कितीतरी जास्त सुटत राहतात.

‘चालल्या-फिरल्याने रक्त जोरात पळतं, मग पसरणार नाही का?’ नाही. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरवर ऑपरेशन आणि केमो झालेल्या ८८९ पेशंटवर झालेल्या आणि २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आखून दिलेला व्यायाम करणाऱ्यांपैकी पाच वर्षांनी ८० टक्के लोक आजार परत न येता होते, नुसती माहिती दिलेल्या गटात ७४ टक्के. व्यायाम किती आणि कोणता, हे आपल्या डॉक्टरांना विचारून ठरवायचं.

‘एक पाय सुजलाय’ असं कोणी सांगितलं तर थट्टेवारी नेऊ नका. कॅन्सरमध्ये रक्त गोठायची शक्यता वाढते. एकाच पायाला सूज आणि दुखणं असेल तर त्याच दिवशी, आणि अचानक धाप लागली तर लगेच दवाखाना गाठायचा.

‘बी सुटायच्या आधीच काही करता येतं का?’ असं कोणी विचारलं तर आपल्याच धाराशिव जिल्ह्यातलं उदाहरण द्या. तिथं ३० ते ५९ वयाच्या सव्वा लाखाहून जास्त स्त्रियांवर झालेल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, एकदा केलेल्या एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) तपासणीने गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयाचं नाव आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयाचा तपासणीचा वार तक्त्याच्या तळाशी लिहून ठेवा.

रोज संध्याकाळी

कुप्या उघडून जाळ्या वाहत्या पाण्याखाली उलट्या धरून धुवा. सब्जाचा थर रात्रभर जाळीवर वाळला की सकाळी नखानेही निघत नाही. भिजवलेलं बी दुसऱ्या दिवशी आंबतं, रोज नवीन भिजवा. ट्यूबच्या कड्या काढून ठेवा, ताणलेल्या राहिल्या तर तिसऱ्या दिवशी गळतात. टबातलं पंधरा लिटर पाणी गाळून परत बादलीत भरा. शेवटच्या दिवशी ते शाळेच्या झाडांना घाला, त्यात सब्जा आणि राजगिऱ्याशिवाय काहीच नसतं.